उरलेले दोन मायक्रॉन

कागलच्या माळावरच्या वाहन-संग्रहालयाचं उद्घाटन आठ दिवसांवर आलं होतं आणि शेजारच्या वाहन-चाचणी केंद्रातल्या शर्वरी शिंत्रेकडे आलेलं काम तसं सोपं होतं. मुख्य दालनात विजेवरच्या दोन गाड्या शेजारीशेजारी उभ्या करायच्या होत्या. एक 'शलाका', २०२८ सालची, शर्यतीच्या तोडीची. दुसरी 'मैना', तिच्यामागून दोन वर्षांनी आलेली, कुणालाही परवडेल अशी. दोघींच्या बॅटऱ्या कशा म्हाताऱ्या झाल्या, ते शाळेच्या मुलांना कळेल अशा चित्रांत दाखवायचं, एवढंच.

तुलना करायला मजा येईल अशाच त्या गाड्या होत्या. शलाका उभ्या जागेवरून तीन सेकंदांच्या आत शंभरचा वेग गाठायची. मैनेला त्यासाठी एकोणीस सेकंद लागायचे, आणि मागे तीन माणसं बसली असतील तर शंभरचं नावच काढायचं नाही. शलाका जमिनीला पोट घासत जायची. मैना स्टुलासारखी उंच, अरुंद. शलाका साऱ्या मिळून आठ बनल्या. मैनेत बसून नर्सबाई रात्रपाळीला गेल्या, भाजीवाल्या मंडईत गेल्या, बाळंतिणी दवाखान्यात गेल्या. आणि या दोन्ही गाड्यांच्या बॅटऱ्या एकाच माणसानं बनवल्या होत्या. डॉ. सदानंद गुर्जर यांनी.

संग्रहालयातली शलाका अर्धी जळलेली होती. तिच्याकडे शर्वरीला कधी सरळ पाहता यायचं नाही, कारण ती जळली तेव्हा तिच्या स्टिअरिंगवर शर्वरीचा भाऊ होता.

रणजित तेव्हा सव्वीस वर्षांचा, चाचणीचालक. शेजारी बसला होता त्याचा जिवलग मित्र आणि गाडीचा मेकॅनिक, दस्तगीर मुजावर. चाचणीच्या धावपट्टीवर गाडी पुढून पेटली. रणजित डावा हात भाजून बाहेर पडला, दस्तगीरच्या बाजूचं दार उघडलं नाही. चौकशीत निघालं, की तांबडा दिवा लागल्यावरही रणजितनं अकरा सेकंद अ‍ॅक्सिलरेटरवर पाय पूर्ण दाबून धरला होता. अहवालात 'चालकाचा निष्काळजीपणा' असे शब्द आले. रणजितनं एकाही शब्दावर हरकत घेतली नाही. 'हो, मी दाबून धरला,' एवढंच तो म्हणाला, आणि त्यानंतर सतरा वर्षांत त्या दिवसाविषयी घरात कुणाशी बोलला नाही. आता तो कोल्हापुरात मैनेतून शाळेची मुलं ने-आण करायचा. चाळीसच्या वर काटा जाऊ द्यायचा नाही.

शर्वरी त्या वेळी सोळा वर्षांची होती. घरावर असं आभाळ कोसळलेलं असताना गुर्जर सर स्वतः दारात आले होते. "हिला मी शिकवतो," ते तिच्या वडिलांना म्हणाले होते. बोलले तसे वागले. तिला त्यांनी प्रयोगशाळेत वाढवलं म्हटलं तरी चालेल. बॅटरीतलं पहिलं अक्षर तिनं त्यांच्याच हाताखाली गिरवलं आणि पुढे 'थरवाचक' बनवला तेव्हा पहिला फोन त्यांनाच केला.

थरवाचक म्हणजे काय, ते शर्वरी शाळेच्या मुलांना असं समजावून सांगायची. बॅटरी बनते शेकडो सेलची. प्रत्येक सेलमध्ये दोन पट्ट्या असतात आणि दोघींच्या मध्ये एक पातळ पडदा. पडदा केवढा? वीस मायक्रॉन जाड, म्हणजे आपल्या केसाच्या चौथ्या हिश्श्याएवढा. चार्ज करताना लिथियमचे कण पडदा ओलांडून एका पट्टीत शिरतात, गाडी पळताना परत येतात. या ये-जा करण्यात पट्टीवर, दुधावर धरते तशी, एक बारीकशी साय धरते. रोज थोडी थोडी. जोरात पळवलेल्या दिवशीची साय निराळी, उन्हात उभ्या राहिलेल्या दिवशीची निराळी. थरवाचक क्ष-किरणांनी आणि ध्वनीच्या अतिसूक्ष्म लहरींनी सेल न फोडता ती साय पापुद्र्या-पापुद्र्यानं वाचतो आणि त्या सेलचा सगळा जन्म तारीखवार मांडून दाखवतो. बॅटरी काही विसरत नाही.

मंगळवारी सकाळी शर्वरीनं शलाकेच्या मागच्या, न जळलेल्या भागातला एक सेल यंत्रात ठेवला. यंत्राच्या पडद्यावर थर उमटू लागले. चाचणीच्या एकेक धावेचा दाट पापुद्रा. आणि त्यांच्यामधून आरपार निघालेली एक काळी रेघ.

तिला आधी वाटलं, यंत्राची काच पुसायची राहिली. तिनं पुसली. रेघ तिथंच होती. तिनं ती मोठी करून पाहिली आणि खुर्चीत बसता बसता हात टेबलावर आपटला.

ती सुई होती. लोखंडाची.

सेल बनवताना लोखंडाचा धुळीएवढा कण जर पट्टीवर राहिला, तर तो हळूहळू विरघळतो, पडदा ओलांडून पलीकडे जाऊन बसतो आणि तिथून सुईसारखा उलटा वाढत येतो. सुई पडद्यातून आरपार गेली, की दोन्ही पट्ट्या एकमेकींना भिडतात आणि आतली सगळी वीज एका क्षणात एका टोकाशी धावते. मग विझवायला काही उरत नाही. शर्वरीला हे पुस्तकातून माहीत होतं. स्वतःच्या डोळ्यांनी ती पहिल्यांदाच पाहत होती.

तिनं दुसरा सेल ठेवला. त्यातही सुई. तिसऱ्यात तर सुईनं पडदा ओलांडून बारीक ठिणग्या पाडल्याच्या खुणा होत्या आणि त्यांच्या तारखा अपघाताच्या आधीच्या तीन दिवसांच्या होत्या. तेव्हा गाडी धावपट्टीवर नव्हतीच. शेडमध्ये कापडाखाली उभी होती.

शर्वरी उठून खिडकीशी गेली, परत आली. तारखा पुन्हा वाचल्या. दादानं त्या दिवशी अकरा सेकंद पाय दाबला काय, नुसता ठेवला काय किंवा गाडीत पाऊलच टाकलं नसतं काय, शलाका त्या आठवड्यात पेटणारच होती. तांबडा दिवा मोटर तापल्याचा होता. बॅटरीचा आणि त्याचा संबंधच नव्हता.

सतरा वर्षं. दादाला फोन करावा म्हणून तिनं हात पुढे केला आणि तसाच थांबवला. टेबलावर दुसऱ्या ट्रेमध्ये मैनेचा सेल वाट पाहत होता. २०३१ सालचा. सेलच्या कडेवर छापलेल्या उत्पादन-क्रमांकाची पहिली पाच अक्षरं शलाकेच्या सेलवर होती तीच होती. म्हणजे तोच कारखाना, तेच यंत्र.

"नको," ती मोठ्यानं म्हणाली. खोलीत दुसरं कुणी नव्हतं.

मैनेच्या सेलमधली साय पातळ, सारखी, शहाण्या मुलीच्या वहीसारखी होती. आणि तिच्यातून एक सुई निघालेली होती. संथपणे, वर्षाला एक मायक्रॉनसुद्धा नाही अशी वाढत आलेली. २०३९ पासून मात्र तिनं वेग धरला होता. त्या वर्षी मैनेला जलद चार्जिंगची परवानगी मिळाली होती. सुईची लांबी अठरा मायक्रॉन भरली.

केंद्राच्या भांडारात मोडीत काढलेल्या मैनांचे आणखी सहा सेल होते. शर्वरीनं ते सगळे एकामागून एक तपासले. सतरा पूर्णांक आठ. अठरा पूर्णांक एक. अठरा. एकात एकोणीस पूर्णांक चार.

शलाका जे दोन महिन्यांत जगली, तेच मैना चौदा-पंधरा वर्षांत जगत आली होती. दोघींच्या पोटात एकच दुखणं होतं. वेगवान गाडीनं ते आधी भोगलं, एवढाच फरक. मे महिना होता. बाहेर पारा बेचाळीसवर होता.

मग तिनं फोन उचलला.

"दादा, कुठं आहेस?"

"रंकाळ्यापाशी. सुट्टीतलं शिबिर हाय ना, पोरं घेऊन चाललोय. का गं?"

"गाडी थांबव."

"अगं, पोहोचतोय पाच मिनिटांत."

"दादा, आत्ता थांबव. कडेला घे. मुलांना उतरव आणि गाडीपासून लांब ने. पन्नास पावलं तरी. मी काय सांगते ते ऐक."

तिच्या आवाजात असं काहीतरी होतं, की रणजितनं पुढे एक शब्द विचारला नाही. फोनमधून तिला दारं उघडल्याचा आवाज आला, मुलांचा कलकलाट, "बॅगा राहू देत, बॅगा राहू देत, उतरा" असं त्याचं ओरडणं. मग धापा टाकत तो म्हणाला, "उतरली. आठच्या आठ हायत. आता बोल."

"त्यांना पोहोचव आणि बसनं इकडं ये. फोनवर सांगण्यासारखं नाही."

तो दीड तासात आला. शर्वरीनं त्याला थर दाखवले, सुई दाखवली, तारखा दाखवल्या. तिला वाटलं होतं, तो रडेल. किंवा हसेल. तो पडद्याकडे बघत उभा राहिला. भाजलेल्या हाताची बोटं दुसऱ्या हातानं दाबत राहिला.

"म्हणजे मी पाय काढला असता, तरी?"

"तरी पेटली असती."

"उभी असताना?"

"हो. शेडमध्ये."

त्यानं शेजारच्या चित्रावर बोट ठेवलं. "आणि ही दुसरी रेघ कसली?"

"ही मैनेची."

रणजितचा चेहरा पांढराफटक पडला. तो मटकन स्टुलावर बसला. स्वतःच्या सतरा वर्षांसाठी न फुटलेला आवाज आता त्याच्या तोंडून निघाला. "शरू, माझ्या गाडीत आठ पोरं होती गं!"

गुर्जर सर कागलपासून जवळच, कारखान्याच्या आवारातल्या बंगल्यात राहायचे. वय अठ्ठ्याहत्तर. अजून रोज चार तास कामाला बसायचे. दोघं तिथं पोहोचली तेव्हा ते व्हरांड्यात वाचत होते. शर्वरीबरोबर रणजितला पाहून त्यांनी पुस्तक मिटलं. शर्वरीनं चित्रांचे कागद त्यांच्या मांडीवर ठेवले. त्यांनी चष्मा लावला, पहिला कागद पाहिला आणि दुसरा उलटलाच नाही.

त्या एका क्षणात शर्वरीला कळलं. त्यांना धक्का बसला नव्हता. धक्का तिला बसला होता.

"सर, तुम्हाला माहीत होतं?"

"आग लागल्यानंतर आठवड्यानं कळलं," गुर्जर हळू आवाजात म्हणाले. "पट्ट्यांवर लेप देणाऱ्या यंत्राचा लोखंडी रूळ झिजला होता. त्याची भुकटी पडत होती."

"आणि चौकशी?"

"चालूच होती."

"दादाचं नाव त्यात येत होतं. तुम्ही समोर बसला होतात!"

"खरं सांगितलं असतं, तर कारखान्याला त्या दिवशी कुलूप लागलं असतं. मैना कागदावरच राहिली असती. मैना सुरू झाल्यावरही नवा रूळ मिळायला तीन वर्षं गेली. तोवर मी चुंबकानं भुकटी काढली, जेवढी निघते तेवढी. जी राहिली तिच्यासाठी मैनेची ताकद शलाकेच्या आठव्या हिश्श्यावर आणली. मी हिशोब मांडला होता शर्वरी. हळू चालवली, हळू चार्ज केली, तर सुईला पडदा ओलांडायला चाळीस वर्षं लागतात. कुठली गाडी चाळीस वर्षं चालते?"

"मग जलद चार्जिंगला परवानगी कुणी दिली?"

गुर्जरांनी मांडीवरचे कागद सारखे केले. मग म्हणाले, "लोक मागत होते. मी सही केली. मला वाटलं, पुरेल."

शर्वरी दोन पावलं मागे सरली. तिनं खांबाला धरलं. दारात उभे राहून 'हिला मी शिकवतो' म्हणणारे सर तिला दिसले. तिनं बनवलेल्या थरवाचकाची बातमी ऐकून फोनवर पलीकडे पसरलेली शांतताही आठवली. ती शांतता तिनं अभिमानाची समजली होती.

"मला शिकवलंत," ती म्हणाली, "ते यासाठी होतं?"

"सुरुवात त्यानं झाली," गुर्जर म्हणाले. त्यांचे डोळे भरून आले होते. "पुढचं सगळं खरं होतं."

तिला ते पुढचं ऐकायचंच नव्हतं. "पहिल्या तीन वर्षांतल्या किती मैना रस्त्यावर आहेत?"

"दोन लाख ऐंशी हजार."

"मी चाचणी केंद्राकडून नोटीस काढली तर सुनावणी होऊन बंदी यायला महिना जाईल. तुमच्याकडून हुकूम गेला तर मिनिटात होईल. सेलमध्ये वीजच नसेल तर सुई आरपार गेली तरी काही पेटत नाही. बॅटऱ्या रिकाम्या करायचा हुकूम गाड्यांना पाठवा. मुख्य रचनाकाराची सही लागते. ती तुमची आहे."

"अगं, भर दिवसा दोन लाख ऐंशी हजार गाड्या बंद पाडायच्या? कोण दवाखान्याच्या वाटेवर असेल, कोण आईला आणायला निघालं असेल. माझ्या एका हुकमानं लोक ठिकठिकाणी अडकतील. एकदा दुरुस्तीचा काही मार्ग—"

इतका वेळ पायरीशी उभा असलेला रणजित वर आला. गुर्जर खुर्चीत मागे सरकले. "रणजित, तुझ्यापुढं मी काय तोंडानं..."

"माझं राहू द्या, सर," रणजित म्हणाला. "लोकांना अडकू देत. मी सतरा वर्षं अडकून बसलोय. माणूस त्यानं मरत नाही. दस्तगीर कशानं मेला, ते मी बघितलंय. त्याच्या बाजूचं दार मी दोन्ही हातांनी ओढत होतो." त्यानं भाजलेला हात पुढे केला, अगदी त्यांच्या चष्म्यापाशी. "हा हात काय उगाच असा झाला? थांबवा गाड्या."

गुर्जरांनी त्या हाताकडे पाहिलं. आजवर कधी पाहिलंच नसावं, असं पाहिलं. मग आतून संगणक मागवला आणि अंगठा टेकवला.

दुपारी दोन वाजून दहा मिनिटांनी हुकूम निघाला. धावत्या मैनांचा वेग कमी कमी होत त्या कडेला थांबल्या, दारं आपोआप उघडली आणि आतून एकच वाक्य पुन्हा पुन्हा ऐकू येऊ लागलं: 'कृपया उतरा आणि गाडीपासून लांब उभे राहा.' उभ्या असलेल्या मैनांचे दिवे, पंखे, हीटर एकदम सुरू झाले. साताऱ्यात, सोलापुरात, नांदेडात, गल्लोगल्ली रिकाम्या गाड्या भर उन्हात दिवे लावून घोंघावत होत्या आणि लोक आपल्याच गाडीकडे दुरून, भुतानं झपाटल्यासारखे बघत होते. बॅटऱ्या पूर्ण रिकाम्या व्हायला अडीच तास लागले.

तेवढ्या वेळात तीन मैना पेटल्या. एक लातूरला बाजाराच्या तळावर, एक कराडला, आणि एक कोल्हापुरात, रंकाळ्याच्या कडेला. तिच्यात आठ दप्तरं होती.

ते चित्र रणजितनं चाचणी केंद्रातल्या पडद्यावर पाहिलं आणि बाहेर जाऊन तो भिंतीशी वाकला. शर्वरी त्याच्या पाठीवर हात फिरवत राहिली.

पुढचे दिवस सुखाचे नव्हते. लोकांनी आधी शर्वरीलाच शिव्या घातल्या. कामावर जाता येईना म्हणून केंद्राच्या फाटकावर बायका येऊन बसल्या. तिनं तिथंच टेबल मांडलं, थरवाचक बाहेर आणला आणि ज्या कुणी आपल्या गाडीचा सेल काढून आणला, त्याला त्यातली सुई दाखवली. बघणारा एकही माणूस नंतर मोठ्यानं बोलला नाही. गुर्जर स्वतः पोलिसांकडे गेले आणि सगळं लिहून दिलं. त्यांनी शर्वरीला एक पत्र पाठवलं. तिनं ते उघडलं नाही, फाडलंही नाही. संग्रहालयाचं उद्घाटन पुढे ढकललं गेलं.

अहवालातलं रणजितचं नाव पुसल्याची बातमी सगळ्या वर्तमानपत्रांत आली. त्या रविवारी सकाळी तो आंघोळ करून, इस्त्रीचा शर्ट घालून शर्वरीच्या दारात उभा राहिला.

"इचलकरंजीला जायचंय," तो म्हणाला. "परवीनवहिनीकडं. तू चल. एकट्यानं माझे पाय जायचे न्हाईत."

दस्तगीरच्या बायकोकडे तो सतरा वर्षांत एकदाही गेला नव्हता.

दोघं बसनं गेली. यंत्रमागांच्या खटखटाटातून वाट काढत त्यांनी घर शोधलं. दार परवीननंच उघडलं. केस पिकले होते. रणजितला तिनं लगेच ओळखलं, पण 'या' म्हणाली नाही. दारातच उभी राहिली.

"वहिनी," रणजितनं सुरुवात केली, "पेपरात आलंय, तुम्ही वाचलं असंल. बॅटरीत—"

"वाचलं," ती म्हणाली. "कशानं झालं ते वाचलं. ते सांगायला आला असाल तर नका सांगू." तिचा आवाज एकाएकी चढला. "सतरा वर्षं झाली, रणजितभाऊ! त्याच्या शेजारी तुम्ही होता. अख्ख्या दुनियेत तुम्ही एकटे. शेवटी तो काय बोलला, घाबरला का, माझं नाव घेतलं का, हे विचारायला मला दुसरं कोण होतं? रोज वाटायचं, आज येतील. तुम्ही आलाच नाही!"

शर्वरी थिजून उभी राहिली. हे तिच्या कधी डोक्यातच आलं नव्हतं. तिनं भावाकडे पाहिलं.

"मला सांगता येत नव्हतं, वहिनी," तो म्हणाला. "तांबडा दिवा लागला तसा मी पाय उचलणार होतो. दस्तगीरच ओरडला. 'सोडू नको, रणज्या! अजून पळतीया, सोडू नको!' हसत होता. लहान पोरासारखा टाळ्या पिटत होता. म्हणून मी अकरा सेकंद दाबून धरला. हे चौकशीत सांगितलं असतं, तर दोष त्याच्या माथी गेला असता. तुमच्या पोरांनी काय ऐकलं असतं आयुष्यभर? म्हणून मी कुणापाशीच बोललो न्हाई. आणि तुमच्यासमोर खोटं बोलता आलं नसतं, म्हणून आलोच न्हाई. आता दोष त्याचाही न्हाई, माझाही न्हाई. आता सांगता येतंय."

शर्वरीनं तोंडावर हात घेतला.

परवीन हलली नाही. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, ते तिनं पुसलंही नाही.

"टाळ्या पिटत होता?" तिनं विचारलं.

"दोन्ही हातांनी."

"घाबरला नव्हता?"

"त्या घटकेपर्यंत न्हाई. पुढचं सगळं एका क्षणात झालं."

ती दारातून बाजूला झाली. "आत या," ती म्हणाली. "बसा, आणि पहिल्यापासून सांगा. सकाळी गाडीत बसल्यापासून. एकही गोष्ट सोडू नका."